बादली कोण उचलतं?

मागच्या अंकात भांडी घासायच्या काथ्यावर लिहिताना ओघात एक वाक्य लिहून गेले, की आमच्या धर्मात 'बाल तश्खीत', म्हणजे 'नासधूस करू नकोस', अशी आज्ञाच आहे. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की संपादकांनी अख्खा अंक त्यालाच द्या म्हणून सांगितलं. काहींना मी ज्यू आहे हेच नवं होतं. आडनावाला 'कर' लागल्यावर कुणाला शंका येणार? आमची आडनावंही तुमच्यासारखी गावांवरूनच पडली आहेत. तर एकदाच सांगते. मी बेने इस्रायली, म्हणजे कोकणातली ज्यू. माहेर अलिबागच्या इस्रायल आळीतलं. नवऱ्याच्या नोकरीपायी तीस वर्षांपूर्वी गोव्यात आले आणि फोंड्याची होऊन गेले. घरात मराठी, बाजारात कोंकणी, प्रार्थनेला हिब्रू. मी रब्बी, म्हणजे धर्मगुरू, नाही. माझं सगळं ज्ञान वडिलांच्या पुस्तकांच्या कपाटातून आणि आजीच्या स्वयंपाकघरातून आलेलं. तेवढ्याच भरवशावर पुढचं वाचा.

प्रश्न : पर्यावरण हा गेल्या पन्नास वर्षांतला विषय. तो हजारो वर्षांपूर्वीच्या ग्रंथात शोधायचा म्हणजे आजची मतं पूर्वजांच्या तोंडी घालणं नव्हे काय? — एक निवृत्त शिक्षक, म्हापसा

सर, निम्मं तुमचं बरोबर आहे. तोरामध्ये, म्हणजे आमच्या मूळ धर्मग्रंथात, पर्यावरण वगैरे काही नाही. तिथे आहे ती लढाई. त्यातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात सैन्याला सांगितलंय की शहराला वेढा घालून कितीही दिवस बसावं लागलं, तरी तिथल्या फळझाडांवर कुऱ्हाड चालवू नका. शेतातलं झाड म्हणजे काय माणूस आहे, त्याला वेढा घालायला? फळ न देणारं झाड वेढ्याच्या कामासाठी तोडा, त्याला हरकत नाही. म्हणजे 'निसर्गाला हात लावू नका' असा हा उपदेश नाहीच. वापरा, पण उगाच नासू नका, एवढंच त्यात आहे.

मग रब्बींनी पुढचा हिशेब मांडला. जिवावर बेतलेलं असताना झाड तोडायचं नाही, तर घरात निवांत बसलेल्या माणसाला काय सूट? तालमुदात, म्हणजे जुन्या रब्बींच्या चर्चांच्या ग्रंथात, तर दिव्याचीसुद्धा गोष्ट निघाली आहे. तेलाचा दिवा असा झाकला किंवा नाफ्थ्याचा दिवा असा उघडा ठेवला की इंधन गरजेपेक्षा भराभर जळेल, तर ती आज्ञा मोडली. बाराव्या शतकात मायमोनिडीस (1138–1204) या रब्बीने यादीच दिली: भांडी फोडणारा, कपडे फाडणारा, इमारत पाडणारा, झरा बुजवणारा, अन्न नासवणारा, हे सगळे त्याच आज्ञेत सापडतात. आणि तेराव्या शतकातल्या स्पेनमधल्या एका ग्रंथात म्हटलंय, भला माणूस मोहरीचा दाणासुद्धा वाया जाऊ देत नाही. तेव्हा शब्द नवा असेल, सर. मोहरीचा दाणा जुनाच आहे.

मला हे सगळं पुढे वाचून कळलं. आधी कळलं ते आजीच्या दिव्यावरून. कोकणात आमच्या लोकांना 'शनिवार तेली' म्हणत, कारण धंदा तेल गाळण्याचा आणि शनिवारी घाणा बंद. आमच्या घरातला घाणा माझ्या जन्माच्या कितीतरी आधी गेला होता, पण आजीच्या हाताला तेलाचं माप राहिलं होतं. शुक्रवारी दिवेलागणीला ती काचेचा पेला घ्यायची. त्यात तीन भाग पाणी, वर बोटभर खोबरेल, आणि मधोमध पत्र्याच्या तिकाटण्यात उभी केलेली वात. तेल पाण्यावर तरंगतं, वात तेल पिते, आणि तेल संपलं की खालच्या पाण्याने वात चरचरून आपोआप विझते. मी एकदा विचारलं, पेलाभर तेलच का नाही घालत? म्हणाली, "पेलाभर घातलं तर ज्योत मोठी होते का गं?" आमची जेवणं आटपून अंथरुणं पडायची तेवढ्यात ती चरचर ऐकू यायची. इतकं अचूक माप मला या तीस वर्षांत एकदाही साधलेलं नाही.

प्रश्न : मी घरात साबण बंद करून राख, रिठे, काथ्या असं सुरू केलं. सासूबाई खूश आहेत, पण कामाला येणारी बाई कुरकुर करते. तिला या कामाचं महत्त्व कसं पटवून द्यावं? — एक सून, फोंडा

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. भांडी घासतं कोण, हे त्यात नव्हतंच.

लिथुआनियातल्या इस्रायल सलांतर (1810–1883) या रब्बींची एक गोष्ट सांगतात. आमच्यात भाकरी-पोळी खाण्याआधी भांड्याने हातावर पाणी घालून हात धुवायचे असतात. किमान पाणी किती ते ठरलेलं आहे, फार तर छोटा पेलाभर. पण सढळ हाताने पाणी घेतलेलं चांगलं, असा एक जुना समज आहे. तालमुदात राव हिस्दा म्हणतात, मी ओंजळी भरभरून पाण्याने हात धुतले आणि मला ओंजळी भरभरून मिळालं. तर सलांतर एका घरी जेवायला गेले आणि त्यांनी अगदी किमान तेवढ्याच पाण्याने हात धुतले. शिष्यांना नवल वाटलं. इतका मोठा माणूस आणि अशी काटकसर? ते म्हणाले, पाणी त्या मोलकरणीला विहिरीवरून आणावं लागतं. तिच्या खांद्यावर मी पुण्य कमवू का?

मी ही गोष्ट वाचली तेव्हा आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंना सहा महिने राखेने भांडी घासायला लावत होते. राख म्हणजे खार. तेलकट भांड्याला लावली की तेलाशी मिळून तिचा कच्चा साबण होतो, म्हणून तर ती भांडी स्वच्छ करते. पण तोच खार हातावरचं तेलही ओढून घेतो. एके दिवशी बाईंनी काही न बोलता दोन्ही तळवे माझ्यापुढे धरले. "म्हजे हात पळयात." बोटांच्या पेरांवर भेगा, त्यांत काळं भरलेलं. आणि ही राख तरी यायची कुठून? गॅसच्या शेगडीतून नाही. मी परसात माडाची चुडतं जाळून ती करत होते! शेजाऱ्यांच्या घरात धूर, बाईंच्या हाताला भेगा, आणि मी निसर्गाची लाडकी.

त्या दिवशी मी स्वतः घासायला बसले. आठवडाभर मीच घासली. तुम्हीही बसा, मग जे ठरेल ते ठरेल. माझं ठरलं ते असं. राख बंद. रिठे चालू, पण ते मी करून ठेवायचे. पंधरा-वीस रिठे फोडून बिया काढायच्या, लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवायचे, सकाळी दहा मिनिटं उकळून गार झाले की कुस्करून गाळायचे. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं. फेस साबणाएवढा येत नाही, म्हणून आपल्याला वाटतं साफ झालं नाही. होतं. डोळ्यात मात्र जाऊ देऊ नका, फार झोंबतं. फार तुपकट कढईला साधा साबणच घेते आणि त्याची लाज वाटून घेत नाही. आधी कोरड्या काथ्याने कढई पुसून तेल काढलं तर साबण निम्म्याने लागतो आणि मोरीचा पाइपही तुंबत नाही. घासायला परसातलं वाळलेलं घोसाळं. वेलावरच वाळू द्यायचं, साल सोलून बिया झटकायच्या, बस्स.

पाण्याचंही एकदा मोजून बघा. आमच्या नळाखाली मी पंधरा लिटरची बादली ठेवली, ती सव्वादोन मिनिटांत भरली. भांडी वीस मिनिटं चालतात. नळ सोडून घासली तर ओपाच्या जलप्रकल्पात शुद्ध केलेलं किती पाणी मोरीतून जातं, ते तुम्हीच काढा. दोन टोप घ्या, एकात घासायचं, दुसऱ्यात विसळायचं. पेले आधी, आमटीची भांडी मग, कढई शेवटी. आणि ते टोप भरून आणायचं काम घरातल्या पुरुषमाणसाला द्या. तालमुदात एक सुरेख उतारा आहे. शब्बाथच्या, म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी सुरू होणाऱ्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाच्या, तयारीला मोठमोठे रब्बी स्वतः कामाला लागत. रावाने मासा खारवला, राव हुनाने दिवा लावला, राव पापाने वाती वळल्या, राव हिस्दाने बीट चिरलं, रब्बा आणि राव योसेफ यांनी लाकडं फोडली. नोकर नव्हते म्हणून नव्हे. आपल्या हाताने केलं तरच मान दिल्यासारखं होतं, म्हणून. हा उतारा मी नवऱ्याला इतक्यांदा ऐकवलाय की हल्ली मी तोंड उघडायच्या आत तो बीट चिरायला घेतो.

आमच्या बाई अजून येतात. रिठ्यांच्या पाण्याचा वास त्यांना आवडत नाही आणि त्या तसं स्पष्ट सांगतात.

प्रश्न : फुटलेली काच कुठे टाकावी? — डिचोली

या आज्ञेबद्दल बोलताना सगळे झाडाची गोष्ट सांगतात, पण मला काचेचीच जास्त आवडते. तालमुदात लिहिलंय की जुन्या काळचे सज्जन लोक काटे आणि फुटक्या काचा आपल्याच शेतात तीन मुठींइतक्या खोल पुरत, नांगराला लागू नयेत म्हणून. एक रब्बी त्या आगीत टाकत, दुसरे तिग्रिस नदीत. नदीत टाकणं आपण आज नको करूया. पण कल्पना बघा. माझा कचरा उद्या कुणाच्या पायात जाईल, कुणाच्या हाताला लागेल, याचा विचार आज, माझ्याच घरात.

जुन्या वर्तमानपत्राच्या दोन-तीन घड्यांत काच गुंडाळा, दोऱ्याने बांधा, वर मोठ्या अक्षरांत 'काच' लिहा आणि सुक्या कचऱ्यात वेगळी ठेवा. दारावर कचरा न्यायला येणाऱ्या माणसाला तोंडानेही सांगा. साळगावचा कचरा प्रक्रिया प्रकल्प 2016 साली आला, यंत्रं आली, तरी यंत्रापर्यंत पोचायच्या आधी आपली पिशवी कुणाच्या तरी हातातून जातेच.

प्रश्न : तुम्ही मांसाची आणि दुधाची भांडी वेगळी ठेवता असं ऐकलं. म्हणजे दुप्पट भांडी, दुप्पट घासणं, दुप्पट पाणी. हे तुमच्या नासधुशीच्या आज्ञेत बसतं का? — मडगाव

घरचाच अहेर! बरं, खरं सांगते. सगळ्या बेने इस्रायली घरांत दोन संच नसतात. मांस आणि दूध एकत्र शिजवायचं नाही आणि खायचं नाही, एवढं मात्र कटाक्षाने पाळलं जातं. आमच्याकडे दुधासाठी वेगळी दोन पातेली, एक गाळणं, काही चमचे, एवढंच आहे. बाकी काम नारळ करतो. मटणाच्या रश्शात दही-मलई चालत नाही, पण नारळाच्या रसाला कुणाची हरकत? गोड पदार्थही आम्ही नारळाच्या रसातच करतो, म्हणजे मांसाच्या जेवणानंतर खाता येतात. या बाबतीत गोवेकरणीच्या आणि माझ्या स्वयंपाकघरात फरक शोधून काढावा लागेल.

भांडी दुप्पट झाली तरी घासणं दुप्पट होत नाही, कारण आपण जेवतो तितकंच. आणि एक गोष्ट मला या पद्धतीत आवडते. धातूचं भांडं बाटलं तर ते टाकून द्यायचं नसतं. उकळत्या पाण्यात बुडवून, नाहीतर आगीवर लाल तापवून, ते पुन्हा वापरात घेता येतं. म्हणजे धर्मच भांड्याला दुसरा जन्म देतो. मातीचं भांडं मात्र तसं शुद्ध होत नाही.

खरी चूक आमची दुसरीकडे होते. पेसाहच्या आठ दिवसांत खमिराचा कणही घरात नको, म्हणून आठवडाभर घर धुतलं जातं. आमच्याकडे या सणाला जुनं नाव 'अनाशी धाकाचा सण', म्हणजे आंबवणाचं भांडं झाकून ठेवायचा सण. आजी खरोखरच भांडं झाकून ठेवायची, सणाची भांडी माळ्यावरून उतरवायची. मी मात्र काही वर्षं सरळ कागदी आणि प्लास्टिकच्या ताटल्या आणल्या, घासायला नकोत म्हणून. आठ दिवसांत कचऱ्याची तीन पोती झाली. इजिप्तमधून सुटल्याचा सण साजरा करायचा आणि दारात पोती! 1 जुलै 2022 ला एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या ताटल्या-चमच्यांवर देशभर बंदी आली तेव्हा मला सुटल्यासारखंच वाटलं. आता पाहुणे जास्त असले तर सत्तरीतून पोफळीच्या विरीच्या ताटल्या आणते. वापरून झाल्या की त्या माडाच्या आळ्यात जातात. पण चार माणसांना स्टीलच्या ताटल्या आहेतच. पानं झाडाची असली तरी उगाच का वापरायची?

त्याच पेसाहची आणखी एक फजिती. लिंबा-संत्र्यांच्या सालींचं ते आंबवलेलं पाणी, ज्याला हल्ली सगळे बायो-एन्झाइम म्हणतात, ते मी घालून ठेवलं होतं: एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी. पहिला महिना रोज झाकण सैल करून वायू सोडायचा असतो. आम्ही सणाला अलिबागला गेलो आणि मी झाकण घट्ट लावून गेले. परत आलो तर कपाटात बाटली फुटलेली, साली भिंतीला चिकटलेल्या, आणि फोंड्यातल्या तमाम मुंग्या आमच्या घरी पाहुण्या. नवरा म्हणाला, सगळ्या घरातला खमीर काढलास आणि कपाटात कारखाना ठेवलास. (नियमाने गुळाचं आंबवण त्या बंदीत येत नाही, बंदी पाच धान्यांपुरती आहे. पण तेव्हा वाद घालण्यासारखी माझी परिस्थिती नव्हती.) लादी पुसायला ते पाणी चांगलं आहे. त्याने जंतू मरतात म्हणून संडासात फिनेलऐवजी वापरू नका.

प्रश्न : घराला लागून आंब्याचं जुनं झाड आहे. फांद्या कौलांवर घासतात, पावसात गळतं. तुमच्या धर्मात फळझाड तोडायचं नाही, मग तुम्ही काय केलं असतं? — वाळपई

आधी फांद्या छाटल्या असत्या. तोडायचं नाही म्हणजे कधीच नाही असं नाही. तालमुदात मापच दिलंय. खजुराचं झाड एक कव, म्हणजे साधारण दीड लिटरच्या आगेमागे, एवढं जरी फळ देत असेल तरी तोडू नये. तिथेच रब्बी हनिना हळहळून सांगतात की माझा मुलगा गेला तो अकाली अंजिराचं झाड तोडल्यामुळेच. आणि लगेच पुढे दुसरा रब्बी म्हणतो, लाकडाची किंमत फळापेक्षा जास्त असेल तर चालेल. मायमोनिडीसही सांगतो की झाड दुसऱ्या झाडांना किंवा दुसऱ्याच्या शेताला उपद्रव देत असेल तर तोडावं. तेव्हा प्रश्न भावनेचा नाही, कारणाचा आहे. गळणाऱ्या कौलांना फांद्या छाटणं पुरेसं असेल तर बुंध्याला हात लावायचं कारणच उरत नाही.

आणि समजा तोडायचंच ठरलं, तर धर्माआधी 1984 चा वृक्षसंवर्धन कायदा आहे. वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. आपल्याकडे तर 2016 साली माडाला 'वृक्ष' या व्याख्येतूनच वगळलं होतं, कारण म्हणे तो गवताच्या जातीचा. पुढच्याच वर्षी तो राज्यवृक्ष झाला. तालमुदात इतक्या बारीकसारीक चर्चा आहेत, पण झाडाला गवत ठरवून सुटायची युक्ती माझ्या तरी वाचनात आलेली नाही.

प्रश्न : शनिवारी तुम्ही वीज वापरत नाही म्हणे. म्हणजे महिन्यात चार दिवस बचत? — ताळगाव

फारशी नाही. बटण दाबायचं नाही, त्यामुळे जे चालू आहे ते चालूच राहतं. फ्रिज चालूच. शुक्रवारी रात्री बोळातला दिवा सकाळपर्यंत जळत राहायचा, आणि मायमोनिडीस मला स्वप्नात येऊन विचारेल की काय असं वाटायचं. आता तिथे अगदी लहान दिवा आणि वेळ लावून देता येतं असं यंत्र आहे. बचत होते ती दुसरी. त्या दिवशी धुणं नाही, इस्त्री नाही, गाडी नाही, बाजार नाही. चोवीस तास काही विकत न घेता जातात, आणि दर वेळी रविवारी लक्षात येतं की त्यातलं निम्मं लागतच नव्हतं.

प्रश्न : पणजीला चर्चसमोरच्या बागेला गार्सिया द ऑर्टाचं नाव आहे. तो ज्यू होता असं कुणीतरी सांगितलं. खरं का? — एक विद्यार्थिनी, पणजी

खरं, पण तोंडाने कबूल करायची सोय नव्हती. त्याचे आईवडील ज्यू, सक्तीने ख्रिस्ती झालेले. तो वैद्य होता, 1534 मध्ये गोव्यात आला आणि मरेपर्यंत इथेच राहिला. इथल्या औषधी वनस्पती, फळं, मसाले यांवरचा त्याचा ग्रंथ 1563 मध्ये गोव्यातच छापला. नारळ, आंबा, फणस असं आपलं सगळं परसू त्यात आहे. 1560 मध्ये इथे इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोह शोधून शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, आलं. तो 1568 मध्ये वारला. पुढच्या वर्षी त्याची बहीण कातारिना हिला जिवंत जाळलं, आणि 1580 मध्ये त्याची हाडं उकरून काढून तीही जाळली.

आता याचा घरकामाशी संबंध ऐक. स्पेन-पोर्तुगालात इन्क्विझिशनचे जाहीरनामे चर्चमध्ये वाचून दाखवत: लपून ज्यू धर्म पाळणारे कसे ओळखावेत याच्या खुणा. देव, प्रार्थना हे त्यात होतंच, पण बरीचशी यादी घरकामाचीच होती. शुक्रवारी घर झाडतात का? संध्याकाळी नव्या वाती घालून दिवा लावतात का? शनिवारी धुतलेले कपडे घालतात का? शनिवारचं जेवण शुक्रवारीच शिजवून ठेवतात का? आणि साक्ष द्यायला बऱ्याचदा घरातले नोकरचाकरच येत. सिनेगॉग गेलं, पुस्तकं गेली, हिब्रू विसरली, पण शुक्रवारचा केर आणि वात तेवढी राहिली होती, आणि तीच आरोपपत्रात लिहिली गेली.

मी पणजीला गेले की त्या बागेत दहा मिनिटं बसते. शुक्रवार असला तर लवकर उठते, कारण परतीची बस आणि घरी केर काढायचा राहिलेला असतो.

प्रश्न : आमच्याकडे सुंगटांची (कोळंबीची) सालं आणि मासे धुतलेलं पाणी माडाला घालतात. तुम्ही सुंगटं खात नाही, मग तुमच्या माडाचं काय? — फोंडा (तुमच्याच वाड्यावरची)

ओळखलं तुला. हो, आम्हाला खवले आणि पर असलेलेच मासे चालतात. बांगडा, तारले, इसवण यांत आमचं छान भागतं. सुंगटं, कुर्ल्या, तिसऱ्या नाहीत. पण खायचं नाही म्हणजे हात लावायचा नाही असं नाही. तुझी आई दर रविवारी कुंपणावरून सालांचं ताट आमच्या माडाच्या आळ्यात ओतते, हे काय मला माहीत नाही? तिच्या अंगणात माड नाही आणि तिला ती सालं टाकून देववत नाहीत. मी वर मूठभर पाचोळा टाकते, नाहीतर मांजरं येतात. गेल्या वर्षापासून माडाला घड मोठा लागतोय. त्यातले चार नारळ मी तिला देते, उरलेल्यांतला एक मलिद्याच्या, म्हणजे आमच्या प्रसादाच्या, पोह्यांत खवून पडतो, आणि बाकीच्यांचा रस शुक्रवारच्या मटणात. आईला सांग, या रविवारी घरी पाहुणे आहेत, ताट जरा संध्याकाळी आण.